नाही म्हटले तरी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीच्या सभागृहात एका व्याख्यानाला जाण्याचा योग आला. विषय होता मुलांचे संगोपन. वक्ते तरुण होते, त्यांचे बोलणे रसाळ होते, आणि समोर बसलेल्या आईबापांना ते पटतही होते. बोलता बोलता त्यांनी एक विधान केले. "मेंदूला 'नाही' हा शब्द कळतच नाही. मुलाला 'दूध सांडू नकोस' म्हटले की मेंदू त्यातले 'नकोस' गाळून टाकतो आणि 'दूध सांड' एवढेच ऐकतो!" सभागृहात हशा पिकला, माना डोलल्या. मग त्यांनी सर्वांना डोळे मिटावयास लावले आणि, "माकडाचा मुळीच विचार करू नका," असे बजावले. माझ्यापुढे अर्थातच माकड येऊन बसले. शेजारच्या गृहस्थांपुढेही बसले असावे, कारण ते खुदकन हसले. विधान सिद्ध झाले असे सर्वांनी मानले आणि मंडळी चहाला उठली.

त्यानंतर हेच विधान मला ठिकठिकाणी भेटत गेले. यशाचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांत ते आहे, विक्रेत्यांच्या शिबिरांत आहे, आणि आता तर आमच्या घरातही शिरले आहे. त्याचे एकदा परीक्षण करावे असे तेव्हापासून मनात होते. मी पुस्तकांचे परीक्षण करणारा माणूस. मेंदू हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु विधान मेंदूविषयीचे असले तरी ते एक वाक्यच आहे, आणि वाक्य कितपत खरे बोलते ते पाहणे हा माझ्या धंद्याचा भाग आहे. शिवाय या प्रकरणात माझा स्वतःचा एक जुना अपराध गुंतलेला आहे. त्याची कबुली ओघात येईलच.

प्रथम त्या माकडाचा निकाल लावू. औषध घेताना माकड आठवू नकोस, असे सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पाश्चात्त्यांकडे माकडाच्या जागी पांढरे अस्वल आहे. दोस्तोयेव्हस्कीने १८६३ सालच्या आपल्या प्रवासलेखनात या अस्वलाचा उल्लेख केला होता. तो वाचून डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली खराखुरा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला खोलीत बसवावयाचे, पाच मिनिटे मनात येईल ते मोठ्याने बोलावयास सांगावयाचे, मात्र पांढऱ्या अस्वलाचा विचार करावयाचा नाही. आलाच तर घंटी वाजवावयाची. घंट्या पुनःपुन्हा वाजल्या. पण यावरून काय सिद्ध झाले? मनातून विचार हाकलणे अवघड आहे, एवढेच. 'नाही' कळत नाही हे त्यातून निघत नाही. उलट, ज्याला 'विचार करू नका' याचा अर्थच कळला नाही तो घंटी कशाला वाजवील? घंटीवर पडलेला प्रत्येक हात हा 'नाही' कळल्याचा पुरावा आहे. आज्ञा पाळता न येणे वेगळे आणि आज्ञा न कळणे वेगळे. पहाटे उठण्याच्या बाबतीत हा भेद प्रत्येक घरात रोज अनुभवास येतो.

आणि मेंदूला 'नाही' खरोखरच कळत नसता तर आपला संसार कसा चालला असता? 'उद्या पाणी येणार नाही' अशी पाटी लागली की चाळीतले एकूणएक पिंप भरून ठेवले जाते. 'साखर नाही' असे स्वयंपाकघरातून ऐकू आले की कोणी चहाची वाट पाहात बसत नाही, पिशवी घेऊन खाली उतरतो. दोन वर्षांचे मूल धड वाक्य जुळवू लागण्यापूर्वी 'नको' म्हणावयास शिकते, आणि किती अचूक म्हणते! मेंदूच्या प्रतिमा घेऊन याची तपासणीही झाली आहे. इटलीतील मार्को तेत्तामांती आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली 'मी कळ दाबतो' आणि 'मी कळ दाबत नाही' अशा धर्तीची इटालियन वाक्ये लोकांना ऐकवली. हालचालींशी संबंधित असे मेंदूचे जे भाग होकारार्थी वाक्याने जागे होत, त्यांची जाग नकारार्थी वाक्याने कमी झालेली दिसली. दिव्याची वात थोडी खाली करावी तसा हा प्रकार. 'नकोस' गाळून टाकणारा मेंदू वात खाली कशाला करील?

तर विधान खोटे आहे, असे म्हणून लेख येथेच संपविता आला असता. पण एखादी समजूत इतक्या लोकांना पटते तेव्हा तिच्या बुडाशी काहीतरी असते, असा माझा अनुभव आहे. येथेही ते आहे. 'नाही' कळतो, पण त्याला वेळ लागतो, आणि तो कळण्यापूर्वी काही गोष्टी घडून जातात.

पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली दाखवून दिले की चित्राशी वाक्य ताडून पाहावयाचे असले तर नकारार्थी वाक्याला माणसे अधिक वेळ घेतात. पुढे अनेकांनी या उशिराच्या पोटात शिरून पाहिले. बार्बरा काउप आणि सहकारी यांच्या २००७ सालच्या प्रयोगात वाचकाला 'आकाशात गरुड नव्हता' अशा अर्थाचे वाक्य दिले आणि ते वाचून झाल्यावर पाव सेकंदाने एक चित्र दाखविले. प्रश्न एवढाच, की चित्रातल्या वस्तूचा वाक्यात उल्लेख होता काय? पंख मिटून बसलेल्या गरुडापेक्षा पंख पसरलेल्या गरुडाला लोकांनी लवकर उत्तर दिले. म्हणजे जो गरुड नव्हता तो क्षणभर मनाच्या आकाशात उडून गेला होता! त्याच मंडळींनी त्याआधी, २००६ साली, 'दार उघडे नव्हते' अशा प्रकारच्या वाक्यांचा अभ्यास केला होता. त्यात पाऊण सेकंदाने चित्र दाखविले तेव्हा बंद दाराला काही सवलत मिळालेली दिसली नाही. दीड सेकंदाने दाखविले तेव्हा ती दिसली. दार बंद होण्यास तेवढा अवधी लागला.

याहून चमत्कारिक गोष्ट अमेरिकेतील आयरा फिशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८३ साली आढळली. वाक्यात न बसणारा शब्द आला की सुमारे चारशे मिलीसेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट विद्युत्‌लहर उमटते, हे मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली शोधले होते. गरम पावाला लोण्याऐवजी पायमोजे फासले असे कोणी म्हणाले, की ती लहर उसळते. फिशलर यांनी रॉबिन नावाच्या पाखराविषयी साधी वाक्ये केली. 'रॉबिन हे झाड आहे' या वाक्याला मेंदू दचकला, ते ठीकच. पण 'रॉबिन हे झाड नाही' या सोळा आणे सत्य वाक्यालाही तो दचकला. आणि 'रॉबिन हा पक्षी नाही' या धडधडीत खोट्या वाक्याला मात्र तसा दचकला नाही! इंग्रजीत 'नाही' हा शब्द 'झाडा'च्या आधीच येऊन गेलेला असतो, तरीही हा प्रकार. जणू पहिल्या झटक्यात मेंदू रॉबिन आणि झाड यांची सोयरीक जुळते की नाही एवढेच पाहात होता.

येथे आमचे वक्ते विजयाने हात वर करतील. त्यांनी थोडे थांबावे. या वाक्याकडे समीक्षकाच्या नजरेने पाहा. 'रॉबिन हे झाड नाही' असे जगात कोण कोणाला सांगते? ते झाड आहे असा संशय तरी कोणाला आला होता? खऱ्या संभाषणात असे वाक्य कानी पडले तर आपणही दचकू आणि बोलणाऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहू. दोष येथे मेंदूचा नाही, वाक्याचा आहे.

ही गोष्ट खुद्द वेसन यांच्या ध्यानात आली होती. १९६५ साली त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ वर्तुळे, त्यांतली सात एका रंगाची आणि एक निराळ्या रंगाचे. समजा सात तांबडी आणि चौथे तेवढे निळे. आता 'चौथे वर्तुळ तांबडे नाही' हे वाक्य पुरे करावयास लोकांना थोडा वेळ लागला. 'सातवे वर्तुळ निळे नाही' याला अधिक लागला. दोन्ही वाक्ये खरी, दोन्ही नकारार्थी. पण चौथे तांबडे असेल असे वाटण्यास जागा होती. सातव्याच्या निळेपणाची शंका कोणाला येणार? पुढे २००८ साली मान्टे न्यूलँड आणि जीना कुपरबर्ग यांनी मेंदूची ती चारशे मिलीसेकंदांची लहरच पुन्हा तपासली. मात्र वाक्ये शहाण्या माणसाने बोलावी तशी घेतली. योग्य साधने असली तर पाण्याखाली बुडी मारणे फारसे धोक्याचे नसते, या धर्तीची. पाण्याखाली जाण्यात धोका असतो असे आपण सारे धरून चालतो. त्यामुळे या 'नसते'ला काम आहे. अशा खऱ्या नकारार्थी वाक्यांना मेंदू अडखळला नाही. अर्थ त्याला जागच्या जागी कळला.

हे वाचले तेव्हा मला आपल्या जुन्या शास्त्रीमंडळींची आठवण झाली. नैयायिक सांगत आले की अभाव हा नेहमी कशाचा तरी अभाव असतो. जमिनीवर घडा नाही हे कळावयाचे तर आधी घडा माहीत हवा; त्या घड्याला त्यांनी 'प्रतियोगी' असे नाव दिले. प्रतियोग्यावाचून अभावाचे ज्ञान नाही. आकाशात नसलेला तो गरुड म्हणजे दुसरे तिसरे काही नसून प्रतियोगीच होय. मीमांसक आणि वैयाकरण आणखी एक पाऊल पुढे गेले. जे प्रसक्त असते, म्हणजे ज्याचा प्रसंग आलेला असतो, त्याचाच निषेध करावयाचा, हा त्यांचा दंडक. ज्याची कोणाला शंकाही नाही त्याचा निषेध करणे व्यर्थ. वेसनची आठ वर्तुळे आणि शास्त्र्यांची प्रसक्ती यांच्यात शतकांचे अंतर आहे, पण बोलणे एकाच गोष्टीविषयी चालले आहे. आमच्या पूर्वजांना मेंदूतल्या लहरी ठाऊक होत्या असा दावा मला करावयाचा नाही. ते वाक्यांकडे बारकाईने पाहात होते, आणि वाक्यांकडे बारकाईने पाहिले म्हणजे माणसाच्या मनाचा काही भाग आपोआप दिसतो, इतकेच.

मराठीकडे तसे पाहिले तर मौज वाटते. आपला 'नाही' बहुधा वाक्याच्या शेपटाशी बसतो. "काल रात्री आपल्या आळीत चोर आले..." इथवर ऐकताच आजीच्या छातीत धस्स होते, आणि मग सावकाश 'नव्हते' येते. अशी भाषा बोलणाऱ्यांचे हाल व्हावयाचे, असे कोणालाही वाटेल. पण मराठी बोलणारा सहसा आधी सूचना देतो. 'मुळीच', 'अजिबात', 'कधीच' हे शब्द कानावर पडले की ऐकणारा सावध होतो. 'फारसा' हा शब्द तर नकाराची वर्दी घेऊनच येतो. "मला त्यांचे गाणे फारसे..." एवढ्यावर कोणी थांबले तरी गवयाचे भवितव्य ठरून जाते. शिवाय आपण कामेही वाटून दिली आहेत. 'फळ्यावर नाव नाही' यातला 'नाही' अभाव सांगतो. 'हा हापूस नव्हे, पायरी' यातला 'नव्हे' समोरच्याने मनात धरलेली चूक दुरुस्त करतो. त्याला प्रसक्ती लागतेच. 'नको'मध्ये बोलणाऱ्याची अनिच्छा असते, आणि 'नये'मध्ये तो स्वतः बाजूला होऊन रीत बोलू लागते. इंग्रजीला यांतली पुष्कळशी कामे एका 'नॉट'कडून करवून घ्यावी लागतात.

पण कितीही वर्दी दिली तरी नकार आपल्या प्रतियोग्याला पुरता पुसत नाही. २०२४ साली आरियाना झुआनात्सी आणि सहकारी यांनी याविषयी प्रसिद्ध केलेले संशोधन मला फार बोलके वाटते. 'गरम' आणि 'गरम नाही' असे शब्द वाचताना मेंदूत काय घडते ते त्यांनी क्षणाक्षणाला मोजले. प्रथम 'गरम' हाच अर्थ नेहमीसारखा उभा राहतो. मग नकाराने तो फिका होतो. पण उलटून 'थंड' होत नाही, अलीकडेच कोठेतरी थांबतो. आपल्या वैयाकरणांनी नकाराचे जे सहा अर्थ सांगितले त्यांत अभाव आणि विरोध यांच्या पंक्तीला 'अल्पता' हाही एक आहे. 'अनुदरा' म्हणजे जिला पोट नाही ती नव्हे, तर जिचे पोट अगदी बारीक ती. घरोघरीचे उदाहरण द्यावयाचे तर 'भाजी वाईट नाही झाली' असे जेवताना म्हणणाऱ्या नवऱ्याने आपण भाजी चांगली म्हटली असा दावा करून पाहावा. बायकोच्या मेंदूला व्याकरण उत्तम कळते.

आता माझी कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बाईंची पहिली कादंबरी परीक्षणासाठी माझ्याकडे आली. नवऱ्याच्या दीर्घ आजारपणाची आणि मृत्यूची ती कहाणी होती. मला ती मनापासून आवडली. परीक्षण मी चांगले लिहिले, आणि चांगले लिहिण्याच्या उत्साहात पहिलेच वाक्य असे टाकले, की ही कादंबरी रडकी नाही. वाक्य मला मोठे ठसकेबाज वाटले होते. काही महिन्यांनी ग्रंथालयात एका ओळखीच्या बाईंना मी ते पुस्तक सुचविले. त्यांनी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि परत ठेवले. "ती रडकी आहे ना? तुम्हीच लिहिले होते की!" मी हसून साजरे केले, आणि घरी येऊन लोकांच्या वाचनाला नावे ठेवली.

पुढे एका लग्नात कादंबरीकर्त्या बाई भेटल्या. त्यांनी माझे आभार मानले. मग जरा थांबून म्हणाल्या, "एक विचारू का? रागावू नका. 'रडकी' हा शब्द तुम्ही कशाला काढलात? माझ्या पुस्तकाबद्दल तोवर तो कोणीच काढला नव्हता."

मला उत्तर सुचले नाही. आज सुचते, पण ते माझ्या बाजूचे नाही. रूथ मेयो, याकोव शूल आणि यूजीन बर्नस्टीन यांनी २००४ साली दाखविले आहे, की नाकारलेल्या गुणाला तयार विरुद्ध शब्द असला तर ऐकणारा त्या शब्दाचा आश्रय घेतो. 'दोषी नाही' म्हटले की 'निर्दोष' एवढे मनात ठेवतो. असा शब्द नसला की मूळचाच शब्द 'नाही'ची चिठ्ठी लावून ठेवावा लागतो, आणि काळाच्या ओघात ती चिठ्ठी गळून पडण्याचा संभव असतो. 'रडकी'च्या उलट काय? कादंबरी 'हसरी' तर नव्हती. ग्रंथालयातल्या बाईंच्या मनातली चिठ्ठी गळली, त्यात त्यांचा दोष नाही.

परंतु माझा खरा अपराध याहून मोठा आहे. चिठ्ठी गळाली नसती तरी तो उरतोच. ज्यांना 'नाही' पूर्णपणे कळला त्या वाचकांचे काय झाले असेल? ते शहाणे वाचक. निषेध प्रसक्ताचाच होतो हे त्यांच्या मनाला शास्त्र न वाचताही ठाऊक. 'रडकी नाही' असे वाचताच त्यांनी मुकाट्याने विचार केला असणार, की म्हणजे तसे कोणीतरी म्हटले असले पाहिजे. जो आरोप कोणी केलाच नव्हता तो मी खोडून काढला, आणि खोडून काढण्यासाठी आधी तो केला. मेंदूला 'नाही' कळत नाही म्हणून हे घडले नाही. त्याला 'नाही' फार चांगला कळतो म्हणून घडले. 'नाही' ऐकताच तो विचारतो, 'असे कोण म्हणाले?' आणि उत्तर मिळाले नाही तर स्वतःच एक फिर्यादी उभा करतो.

तेव्हा वक्त्यांच्या विधानाविषयी माझा निकाल असा : सल्ला बरा, कारण चुकीचे. हा भेद नुसता शाब्दिक नव्हे. कारण चुकीचे धरले तर घरातून 'नाही' हा शब्दच हद्दपार करावा लागेल. आणि जळत्या फुलबाजीकडे हात नेणाऱ्या पोराला 'हात लावू नकोस' म्हणण्याऐवजी आई गोड होकारार्थी वाक्य शोधत बसेल. तेथे धोका समोर आहे, हात निघालेला आहे. निषेधाला पुरेपूर प्रसक्ती आहे. तेथे 'नको' हाच शब्द योग्य, आणि मूल तो ऐकते. उलट, दोन्ही हातांनी फराळाचे ताट सांभाळत शेजारी निघालेल्या शहाण्या मुलीला पाठीमागून 'सांडू नकोस हं!' म्हटले की ती थबकते आणि वळून पाहते. तिच्या मनात सांडणे नव्हतेच. आपला आपल्यावर विश्वास नाही, एवढे मात्र तिला कळते. माझ्या कादंबरीकर्त्या बाईंची गत त्या मुलीसारखी झाली.

मनात अभद्र काही येऊ लागले की आपण म्हणतो, 'नाही नाही ते मनात येते'. जे नाही, आणि दोनदा नाही म्हटलेले आहे, तेच येते. प्रयोगशाळा उघडण्याच्या कितीतरी आधी आपल्या आयाबायांनी ही नोंद करून ठेवली आहे.

परीक्षणात 'नाही' लिहू नये, असा नियम मी अजूनही केलेला नाही. वाईट पुस्तकाला वाईट म्हणावे लागते, आणि खरोखर झालेला आरोप खोटा असेल तर तो खोडावाही लागतो. मात्र लेखणी 'नाही'पाशी आली की मी थांबतो, आणि असे कोण म्हणाले ते स्वतःला विचारतो. बहुतेक वेळा कोणीच म्हटलेले नसते. मग वाक्य खोडून पुस्तकात जे आहे ते लिहावे लागते. हे काम अधिक कष्टाचे; त्यासाठी पुस्तक पुन्हा उघडावे लागते.

त्या कादंबरीविषयी तेव्हा लिहावयास हवे होते ते आज लिहितो. त्या कथेतली बाई नवऱ्याच्या आजारपणाची तीन वर्षे आपल्या घरखर्चाच्या वहीतून सांगते. आणि ज्या दिवशी तो जातो, त्या दिवसाच्या पानावर दुधाचा हिशेब एका लिटरने कमी करते.